दोरी माझ्या हातात देणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, तुमची सून वाचून दाखवील, हे मला ठाऊक आहे. तरीही सगळ्यांसमोर लिहिते आहे. आभार मानायला, होड्यांची इंजिनं दुरुस्त करता त्या तुमच्या मांडवात आले होते तेव्हा तुम्ही "जा गे बाय, भरती चुकात तुझी" म्हणून मला पिटाळलंत आणि बोलायचं सगळं पोटातच राहिलं. शिवाय तुमच्यासारखी माणसं आपल्या किनाऱ्यावर आहेत हे चार लोकांना कळावं, असंही फार वाटतं. गेल्या पावसाळ्यात मला दुसऱ्या तऱ्हेचीच माणसं जास्त भेटली.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं घर आणि माडाची बाग मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीतल्या एका जुव्यावर आहे. गड नदी समुद्राला मिळण्याआधी रुंदावते, तिथे पात्रात ही बेटं आहेत. आमच्या जुव्यावर गाडी येत नाही. नारळाची पोती, रेशनचा तांदूळ, गॅसचा सिलिंडर, तापाने फणफणलेलं पोर, सगळं होडीतून. सासरे होते तोवर वल्हं त्यांच्या हातात होतं. ते गेले, यजमान नोकरीला मुंबईत, आणि मी दुसऱ्याच्या होडीच्या सवडीवर आले. कोणी कधी नाही म्हटलं नाही, पण रोज कुणाच्या तरी तोंडाकडे बघून आपला दिवस ठरवायचा, हे फार जिवाला लागतं. म्हणून इंजिनाची लहान होडी घ्यायची असं ठरवलं. नवी परवडणारी नव्हती.

जुनी होडी घ्यायची तर पावसाळ्यात, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तारकर्ली-देवबागकडच्या पर्यटकांच्या होड्याही पाण्याबाहेर. होडी वर ओढून झापांखाली ठेवायची, वर तिची देखरेख करायची, त्यापेक्षा विकून मोकळं व्हावं असं ज्याला वाटतं तो याच दिवसांत किंमत उतरवतो. पण याच दिवसांत घेणाऱ्याचेही डोळे बांधलेले असतात. समुद्र खवळलेला, होडी पालथी, इंजिन गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात. चालवून बघायचं कुठे? विकणारा म्हणेल ते खरं.

आणि विकणारे काय काय म्हणाले! एकाने मागच्या फळीला, जिथे इंजिन बसतं तिथेच, ताजा निळा रंग फासला होता. बाकी होडी जुनी, तेवढीच फळी नवी नवरी. एकाने लांब शाफ्टचं, म्हणजे पाण्यात जाणारा दांडा लांब असलेलं इंजिन बुटक्या फळीच्या होडीबरोबर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. 15 इंचाच्या फळीला 20 इंचाचं इंजिन लावलं तर पंखा नको तितका खोल जातो, आणि आमच्या खाडीत ओहोटीला जिथे तिथे वाळू वर येते. मी विचारलं तर उत्तर आलं, "वयनी, तुम्हाला त्यातलं काय कळणार?" एका मध्यस्थाने विसार म्हणून पैसे घेतले आणि मग फोन उचलणं सोडलं.

पण पैशापेक्षा मला काय लागलं ते सांगते. त्यातल्या बहुतेकांनी माझ्याशी व्यवहार केलाच नाही. बरोबर माझा मुलगा असायचा, आत्ता कुठे दहावी झालेला. प्रश्न मी विचारायचे, उत्तर त्याच्याकडे बघून यायचं. किंमत त्याला सांगायची. इंजिन चालू करून दाखवायचं तर मला "जरा बाजूला व्हा" आणि दोरी त्याच्या हातात. पोर शहाणं, तो दर वेळी म्हणायचा, "आईला सांगा, होडी तिची आहे." लोक हसायचे.

तेव्हा कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. विकत घेण्याआधी मशीन त्यांना दाखव, म्हणाले. मी एक इंजिन रिक्षात घालून तुमच्याकडे आणलं. दिसायला देखणं होतं, वरचं झाकण चकचकीत, किंमतही बेताची. धो धो पाऊस पडत होता. तुम्ही झाकणाकडे बघितलंसुद्धा नाही. खाली पंख्याजवळच्या गिअरचा स्क्रू सैल केलात आणि तेलाचे दोन थेंब माझ्या तळहातावर पाडलेत. ते चहात दूध घातल्यासारखं दिसत होतं. "ह्या घेव नको. आत पाणी गेलाला आसा," एवढंच बोललात. मग सील झिजलं की पाणी आत कसं शिरतं, तेल पांढुरकं का होतं, आणि अशा तेलात गिअरचे दात झिजून मोसमाच्या मध्यावर गिअर कसा जातो, हे मला समजावलंत. मुलगा शेजारीच उभा होता, पण तुम्ही बोलत होतात माझ्याशी. मला तेव्हाच रडू आलं असतं.

त्या इंजिनाचा मालक तुमच्या ओळखीचा होता, हे मला नंतर कळलं. त्याच्याकडून तुम्हाला चार पैसे सुटले असते, आणि माझं तोंड तुम्ही पुन्हा कधी बघितलं नसतंत.

नंतर ही होडी मिळाली. फायबरची, 18 फुटी, त्यावर 9.9 अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन. ज्यांची होती ते घरचा माणूस गेल्यावर धंदा बंद करत होते, चांगली माणसं. तुम्ही पावसात तिथे आलात. लाकडी मुठीने मागची फळी इंच इंच ठोकून ऐकलीत, मला ऐकायला लावलीत. धड फळी खणखणीत बोलते, आतून कुजलेली भद्द वाजते. तळाला फोड आलेत का ते हात फिरवून बघितलंत. इंजिनाला लावलेला जस्ताचा तुकडा अर्धा खाल्लेला होता. मी घाबरले तर तुम्ही म्हणालात, "बरा आसा. खारा पाणी ह्येका खाता, म्हणान मशीन वाचता." ज्याने तो तुकडा वेळच्या वेळी बदलला त्याने इंजिनाची काळजी घेतली असणार, असा तुमचा हिशेब. आमच्या जुव्यावर आता मी हे सगळ्यांना सांगत असते.

मग पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन उभं केलंत. भोवती वाडीतली माणसं जमली. पावसाळ्यात कुणाला काम नसतं, आणि बाईमाणूस इंजिन घ्यायला आलंय ही बातमी पसरलेली. एक तरणा मुलगा पुढे झाला, दोरीला हात घालणार, तेवढ्यात तुम्ही त्याला हाताने थांबवलंत आणि मला विचारलंत, "होडी कोणाची? तुझी मां? मगे दोरी तूच ओढ."

मेस्त्रीकाका, त्या क्षणाबद्दल मला लिहायचं आहे. बाकी सगळं एखाद्या चांगल्या कारागिराकडून अपेक्षित असतं. हे नव्हतं. तुम्ही ओढली असतीत तर एका झटक्यात मशीन लागलं असतं, सगळे घरी गेले असते, तुम्हीही भिजायचे वाचला असतात. तुम्ही दोरी माझ्या मुठीत ठेवलीत. "हिसको देव नको. पयली सावकाश ओढ, लागली काय मगे ताण." टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का, इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबलाय का, गिअर न्यूट्रलला आहे का, चोक ओढलाय का, एकेक मला विचारलंत आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबलात. इंजिन लगेच लागलं नाही. मागे कुणीतरी खिदळलं. तुम्ही मागे वळलात आणि त्या घोळक्याला म्हणालात, "कामधंदो नाय काय रे?" आवाज चढवला नाहीत. लोक पांगले. मग तुम्ही स्वतःही रस्त्याकडे तोंड करून, छत्री घेऊन उभे राहिलात. मी शिकत असताना माझ्याकडे कुणीच बघू नये, तुम्हीसुद्धा, एवढा विचार तुम्ही केलात. माझ्या माहेरच्या माणसांनाही तो सुचला नसता.

इंजिन लागलं आणि मागून पाण्याची धार सुटली तेव्हाच तुम्ही वळलात. "धार बघ. ती बारीक झाली काय मशीन बंद, मगे होडयेत कोण पण बसललो असांदे." गार करणारं पाणी आत फिरतंय की नाही हे त्या धारेवरून कळतं, आणि आमच्या वाळूच्या खाडीत ते बघणं किती गरजेचं आहे हे मला आता रोज पटतं. पंपातला रबरी पंखा तुम्ही नवीन घातलात. टाकीवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत, 10 लिटर पेट्रोलला 200 मिली तेल, म्हणजे मिश्रण करताना कुणाला विचारायला नको. घरी आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवायचं, कितीही दमलेली असले तरी, हे माझ्याकडून वदवून घेतलंत. मी ते मोडलेलं नाही.

कागदपत्रांचं आणि नोंदणीचं इथे लिहीत बसत नाही, ते व्हायचं तसं झालं. एका कचेरीत मात्र मला "मालक कुठे आहेत?" असं विचारलं गेलं तेव्हा मी न चाचरता "मीच" म्हटलं. हे बळ पिंपाजवळच्या त्या दुपारचं होतं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. तुम्ही माझ्याकडून मजुरी घेतलीत. आधी सांगितली होती तेवढीच, मोजून. मला वाटलं होतं, बाई आहे, एकटी आहे, म्हणून "राहूदे" म्हणाल. तुम्ही तसं म्हणाला असतात तर मी आयुष्यभर उपकाराखाली वावरले असते. तुम्ही मला गिऱ्हाईक मानलंत. दया दाखवणारे मला पुष्कळ भेटले, पण त्यांच्या दयेने मी प्रत्येक वेळी थोडी लहान झाले. तुमच्याकडून परतताना माझी मान ताठ होती.

माणुसकी म्हटलं की आपण मोठमोठ्या दानांच्या, पुरातून वाचवल्याच्या गोष्टी सांगतो. त्या सांगाव्यातच. पण रोजच्या व्यवहारात समोरच्याला त्याच्या जागी उभं राहू देणं, त्याचं काम त्याच्या हातून होईपर्यंत दम धरणं, ही केवढी मोठी माणुसकी आहे हे मी या वयात शिकले. तुम्हाला ती कुणी शिकवली असेल? तुमच्या आईने? कधीतरी विचारायचं आहे.

नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिला आणि होडी पाण्यात घातली. यंदा आमचा गणपती आमच्याच होडीतून आला. सुकाणूवर मी होते, लाल दोरी मनगटाला बांधलेली, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, म्हणजे मी पाण्यात पडले तर इंजिन आपोआप बंद व्हावं. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी मूर्तीबरोबर बसल्या होत्या. उतरताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. शेजारच्या घरची सून आता म्हणते आहे, मलाही शिकव. मी तिला पिंपापाशी उभं करते आहे, तिच्या कामात हात घालत नाही.

आमचा गणपती अकरा दिवसांचा. तुम्ही दुकान सोडून कुठे जात नाही हे सगळे सांगतात, पण या घरी तुम्हाला यायलाच हवं. काकींना आणि सुनेला घेऊन या. करंज्या झाल्यात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या करते. सुनेला सांगा, मला फोन करून दिवस कळवायचा, म्हणजे भरतीची वेळ मी बघते. धक्क्यावर येऊन थांबा. दुसऱ्या कुणाची होडी विचारू नका, मी स्वतः तुम्हाला न्यायला येते.

तुमची,
जुव्यावरची बाय