आधी कर्ज हलके करा, मग शिस्तीचे बोला

माननीय श्रीमती क्रिस्टीन लगार्ड,
अध्यक्ष, युरोपीय मध्यवर्ती बँक, फ्रँकफुर्ट

स. न. वि. वि.

मी मूळची सोलापूरची. नोकरीनिमित्त फ्रँकफुर्टला राहते, पगार युरोत घेते, कर जर्मनीत भरते. ग्रीसच्या कर्जसंकटाचा विषय निघाला की इथे अजूनही कुणीतरी म्हणतेच, ‘आमच्या पैशांवर जगले ते.’ त्या ‘आमच्या’त आता मीही येते, म्हणून हे पत्र.

तुम्हालाच लिहायचे कारण असे की, मे 2010 मध्ये ग्रीससाठी 110 अब्ज युरोंचे पहिले कर्ज ठरले तेव्हा तुम्ही फ्रान्सच्या अर्थमंत्री होता. 2012 चे दुसरे कर्ज आणि 2015 चा पेच तुम्ही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख म्हणून हाताळलात. 2019 पासून तर युरोची मध्यवर्ती बँकच तुमच्याकडे आहे. हा सगळा इतिहास इतक्या जवळून दुसऱ्या कुणी क्वचितच पाहिला असेल.

माझे म्हणणे एवढेच आहे: जे कर्ज फिटणार नाही हे उघड दिसते, ते पहिल्याच दिवशी कमी करा. खर्चकपातीच्या अटी त्यानंतर घाला. 2010 मध्ये नेमके उलटे झाले.

ग्रीसची चूक मी लपवत नाही. तुटीचे खोटे आकडे त्यांच्याच सरकारांनी दिले होते आणि श्रीमंतांची करचुकवेगिरी तिथे राजरोस चालत होती. स्लोव्हाकियाच्या संसदेने 2010 मध्ये ग्रीसला कर्ज द्यायला नकार दिला, त्यामागचा राग मला समजतो. स्वतः कमी पगारावर काटकसर केलेल्या माणसाने आपल्याहून चांगले पेन्शन घेणाऱ्याचे कर्ज का फेडावे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पैसा कुठे गेला हे पाहिल्यावर बदलते. बर्लिनच्या एका व्यवस्थापन संस्थेने 2016 मध्ये पहिल्या दोन कर्जांचा हिशेब मांडला. ग्रीसच्या सरकारी खर्चाला त्यातले 5 टक्केही मिळाले नव्हते. उरलेली रक्कम जुनी कर्जे, व्याज आणि बँकांचे भांडवल यांत गेली. 2010 मध्ये ग्रीसचे सरकारी कर्जरोखे बाळगणाऱ्यांत फ्रेंच आणि जर्मन बँका पुढे होत्या. खासगी धनकोंची रक्कम निम्म्याहून अधिक कापली गेली ती मार्च 2012 मध्ये. मधल्या दोन वर्षांत अनेकांना आपले पैसे सोडवून घेता आले आणि ओझे करदात्यांच्या माथी आले. स्लोव्हाक पेन्शनर आणि ग्रीक पेन्शनर एकमेकांवर रागावले, पण दोघांचाही पैसा तिसऱ्याकडे गेला.

आणि कपातीतून काय साधले? 2012 मध्ये किमान वेतन 22 टक्क्यांनी खाली आणले, पंचविशीच्या आतल्यांचे 32 टक्क्यांनी. पेन्शने पुन्हा पुन्हा कापली. बेकारी 27 टक्क्यांच्या वर गेली, अर्थव्यवस्था जवळजवळ एक चतुर्थांश आटली. उत्पन्नच आटले, त्यामुळे खर्च कापूनही कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण 2009 मधल्या सुमारे 127 टक्क्यांवरून 2014 पर्यंत 180 टक्क्यांच्या आसपास पोचले. कर्जवसुलीसाठी ऐन पेरणीत शेतकऱ्याचे बैल ओढून नेले तर पुढचा हप्ता कुठून येणार, हे आमच्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही.

1991 च्या जुलैत भारताने दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपयाचे अवमूल्यन केले. तो काळही सोपा नव्हता, पण चलन आपले होते, ते खाली आणून निर्यातीला हात देता आला. ग्रीसकडे द्राख्मा हे स्वतःचे जुने चलन उरलेच नव्हते, त्यामुळे स्वस्त करायला माणसांची मजुरी तेवढी शिल्लक राहिली. एकच रुपया वापरणाऱ्या आमच्या राज्यांत केंद्राच्या करांचे वाटप सुचवणारा वित्त आयोग असतो. पंधराव्या आयोगाने बिहारला राज्यांच्या वाट्यातले 10.058 टक्के दिले, महाराष्ट्राला 6.317. मुंबईतून कर जास्त जातो म्हणून आम्ही कुरकुरतो, भांडतो. पण त्यासाठी बिहारने कर्ज काढावे आणि आधी दवाखाने बंद करावेत, असे कुणी म्हणत नाही.

तुम्ही 2012 मध्ये ‘गार्डियन’ला सांगितले होते की अथेन्समधल्या लोकांपेक्षा नायजरमधल्या शाळकरी मुलांचा विचार तुमच्या मनात जास्त येतो. ते वाक्य मला अजून बोचते. नायजरच्या मुलांचे हाल खरेच आहेत, पण अथेन्सच्या कापलेल्या पेन्शनमधला एक सेंटही तिकडे गेला नाही. आणि तुम्हीच मंत्री असताना जिनिव्हाच्या बँकेतल्या करचुकवेगिरीचा संशय असलेल्या सुमारे 2,000 ग्रीक खातेदारांची यादी अथेन्सला पाठवली होती. ती तिथे दाबून ठेवली गेली आणि कात्री पेन्शनवर चालली.

तुमच्या बाजूची गोष्टही लिहायला हवी. तुमच्या कारकिर्दीत नाणेनिधीने 2013 मध्ये पहिल्या कार्यक्रमातले ठळक अपयश मान्य केले. जुलै 2015 मध्ये, कर्जाच्या अटींवर ग्रीसमध्ये झालेल्या सार्वमताच्या तीन दिवस आधी, ग्रीसचे कर्ज झेपणारे नाही असा अहवाल प्रसिद्ध केला. म्हणजे माझे म्हणणे तुम्हाला नवे नाही. तरी त्याच ऑगस्टमध्ये 86 अब्जांचे तिसरे कर्ज मुद्दल न कापता दिले गेले.

हे आज लिहायचे कारण, पुढचा पेच लहान देशाचा असेलच असे नाही. 2024 मध्ये फ्रान्सची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5.8 टक्के होती आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याच्यावर युरोपीय संघाची अतिरिक्त तुटीची कारवाई सुरू झाली. 2022 मध्ये तुमच्या बँकेने अडचणीतल्या देशाचे रोखे विकत घेण्याची जी योजना आणली, तिच्या निकषांत संघाचे तुटीचे नियम पाळणे हाही एक निकष आहे. तो मोठ्या देशासाठी वाकवला आणि छोट्यासाठी ताठ ठेवला, तर हे चलन सगळ्यांचे राहणार नाही.

तुमची मुदत ऑक्टोबर 2027 पर्यंत आहे. त्याआधी दोन गोष्टी करा. 28 जून 2015 ला ग्रीक बँकांना रोख पुरवणाऱ्या आपत्कालीन निधीची मर्यादा वाढवायची नाही असे तुमच्या बँकेने ठरवले. बँका तीन आठवडे बंद राहिल्या, एटीएमसमोर लोक रोजच्या 60 युरोंसाठी रांगेत उभे राहिले. अशा निधीवरील अधिकारांबद्दल बँकेने त्या वर्षी बाहेरून घेतलेला कायदेशीर सल्ला मागूनही दिला गेला नाही. 2020 मध्ये न्यायालयाने तो गुप्त ठेवण्याला मान्यता दिली, पण स्वतःहून तो खुला करायला तुम्हाला कुणी अडवलेले नाही. तो खुला करा. आणि वाटाघाटी चालू असताना ठेवीदारांच्या पैशांची कोंडी केली जाणार नाही, असे नियामक मंडळाकडून लेखी जाहीर करून घ्या.

आपली,
फ्रँकफुर्टमधील एक मराठी करदाती