दुष्काळी रस्ता आणि एक आयरिश कविता

महोदय,

आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीत येणारे परदेशवारीचे लेख मी नेमाने वाचते. कुठे राहावे, काय पाहावे, कोणत्या महिन्यात जावे, ही माहिती उपयोगाची असते आणि मी स्वतः तिचा लाभ घेतला आहे. मात्र ज्या भूमीवरून आपण चालतो तिच्याविषयी तिथल्या कवींनी काय लिहून ठेवले आहे, याचा उल्लेख त्या लेखांत क्वचितच सापडतो. गेल्या वर्षी मुलीकडे आयर्लंडमध्ये सहा आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा ही उणीव मला फार जाणवली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी बार्शी तालुक्यातील एका शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. विल्यम बटलर येट्स यांची इनिसफ्री बेटावरची कविता मी वर्गात कितीतरी वेळा वाचून दाखवली असेल, त्यामुळे स्लायगोला जाऊन ते बेट पाहण्याची ओढ होती. प्रत्यक्षात त्या सरोवराकाठी उभे राहिल्यावर मन हलले नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. ती कविता बेटावर सुचलेलीच नाही. १८८८ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून जाताना एका दुकानाच्या खिडकीतील कारंज्याचा आवाज येट्स यांच्या कानी पडला आणि त्यांना लहानपणीचे सरोवर आठवले. घरापासून दूर असलेल्या माणसाची ती कविता आहे. मला ती कळली ती मुलीच्या डब्लिनमधील स्वयंपाकघरात, भांडी विसळताना, जेव्हा नळाच्या धारेचा आवाज ऐकून आमच्या वाड्यातल्या रहाटाची आठवण झाली आणि हातातले काम तसेच राहिले.

पॅट्रिक कॅव्हना यांच्या बाबतीत असेच घडले. डब्लिनमध्ये ग्रँड कॅनॉलच्या काठी एका बाकावर त्यांचा पुतळा बसलेला आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या कवीची एक चौदा ओळींची कविता आहे, जिच्यात दोन घराणी खडकाळ जमिनीच्या एका तुकड्यावरून हातघाईवर आलेली आहेत. ते साल म्युनिकच्या कराराचे, म्हणजे १९३८ चे, जेव्हा युरोपवर महायुद्धाचे सावट होते. जगात एवढे मोठे घडत असताना या भांडणाचे काय महत्त्व, असे कवीला वाटू लागते, तेव्हा प्राचीन ग्रीक महाकवी होमरचे भूत येऊन त्याला सांगते की अशाच एका गावकीच्या तंट्यातून मी इलियड हे महाकाव्य रचले. ज्याच्या घरी बांधाच्या भांडणावरून दोन पिढ्या कोर्टाची पायरी चढल्या आहेत त्या मराठी वाचकाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. माझ्या आजोबांचा बांधाचा दावा बावीस वर्षे चालला. तो त्यांच्यासाठी महायुद्धाहून लहान नव्हता, हे मला त्या बाकाशेजारी बसून प्रथमच उमगले.

परंतु ज्या कवितेसाठी हे पत्र लिहायला घेतले ती ईव्हन बोलंड यांची आहे. बोलंड यांचा जन्म १९४४ मध्ये डब्लिनला झाला आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. नकाशाच्या शास्त्राला मर्यादा आहेत, असे त्या कवितेचे शीर्षकच सांगते. प्रेमाच्या पहिल्या दिवसांत दोघे जण कॉनॉट प्रांताच्या सीमेवर फिरायला जातात, एका रानात शिरतात आणि तो तिला खाली पाहायला सांगतो. वेल आणि गवताखाली ओबडधोबड दगड दिसतात. तो दुष्काळी रस्ता असतो. आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात, १८४७ मध्ये, बटाट्याचे पीक दोनदा बुडाल्यावर, उपाशी लोकांना मदतीच्या नावाखाली असे रस्ते बांधायला दिले गेले आणि जिथे माणसे मेली तिथे रस्ता संपला. नकाशावर रान दिसते, पण तो रस्ता त्यावर कुठेच नसतो. ही कविता मी पूर्वी वाचली होती, आवडलीही होती, पण ती दुसऱ्याच्या देशातील इतिहासाची कविता म्हणून आवडली होती.

मुलीने आम्हाला वेस्टपोर्टहून लुईसबर्गमार्गे डू लॉकच्या दरीतून नेले. १८४९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस शेकडो उपाशी माणसे या वाटेने लुईसबर्गहून डेल्फीपर्यंत पायी गेली, कारण मदत चालू ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना तिथे बोलावले होते. ती रिकाम्या हाताने परतली आणि कित्येक जण वाटेतच गेले. तिथे रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे आणि त्यावर महात्मा गांधींचे वचन कोरलेले आहे, की आपल्यासारख्याच माणसांची मानखंडना करून कोणाला आपला सन्मान झाला असे कसे वाटू शकते. इतक्या दूरच्या ओसाड दरीत गांधीजींचे नाव वाचताना आम्ही मायलेकी बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी किलरीच्या खाडीच्या दक्षिण काठाने जाणाऱ्या जुन्या गवताळ रस्त्यावरून आम्ही चाललो. कवितेतला रस्ता हा नव्हे, परंतु हाही त्याच काळातला दुष्काळी कामाचा रस्ता म्हणून ओळखला जातो. खालच्या अंगाला दगडांची रचाई अजून शाबूत आहे. पलीकडच्या डोंगरउतारावर बटाट्याचे जुने गादीवाफे गवताखालून ओळीने उमटलेले दिसतात. ते वाफे पेरणारे हात १७५ वर्षांपूर्वी गेले, पण वाफे आहेत. मी रचाईतल्या एका दगडावर हात ठेवला आणि मला माझ्या आईचा डावा अंगठा आठवला.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई गावाबाहेरच्या सडकेवर खडी फोडायला जात असे. मुकादम हजेरी घेई, मस्टरवर अंगठे उमटत, काम मोजून मजुरी ठरे आणि ती कधी वेळेवर मिळे तर कधी लांबणीवर पडे. कामावर मिळालेली सुकडी आई स्वतः न खाता पदरात बांधून आमच्यासाठी आणत असे. लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. हातोडीचा घाव चुकून तिच्या डाव्या अंगठ्याचे नख गेले, ते पुन्हा सरळ कधीच आले नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, काम थांबले आणि ती सडक माळापर्यंत जाऊन तशीच राहिली. गावात तिला आजही ‘बहात्तरची सडक’ म्हणतात. लहानपणी आम्ही तिच्यावर बोरे वेचायला जात असू.

साम्य जाणवले म्हणून फरक विसरता येणार नाही. आयर्लंडमध्ये त्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांहून अधिक लोक सरकारी कामांवर होते आणि त्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगात दगड उचलण्याचेही त्राण उरले नव्हते. मदतीची सूत्रे लंडनच्या खजिन्यातून हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले, म्हणजे ते नाव आपल्याही इतिहासातले आहे. बोलंड यांच्या दुष्काळी रस्त्यावरच्या आणखी एका कवितेत ते येते. आपल्याकडे १९७२ मध्ये पुष्कळ हाल झाले, गुरे कवडीमोलाने विकली गेली, पण त्या कामांनी लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आणि रोजगार हमीच्या कायद्याला त्या अनुभवाचा आधार मिळाला. तिथला रस्ता माणसे मेली म्हणून थांबला, आमचा पाऊस आला म्हणून थांबला. हा फरक मला त्या कवितेनेच दाखवला. आमच्या अर्धवट सडकेकडे मी तोवर कधी कृतज्ञतेने पाहिले नव्हते.

त्या रात्री मी आईला फोन केला. ती आता ८६ वर्षांची आहे. मी सगळे सांगितल्यावर तिने एकच विचारले, “मग त्यांचा पगार झाला का गं?” मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचनात आले की १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये कॉर्क काउंटीत डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर रस्त्याच्या कामावर असतानाच मरण पावला आणि त्याची दोन आठवड्यांची मजुरी थकलेली होती. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी तो उपासमारीने मेल्याचे आणि त्याला कामे चालवणाऱ्या सरकारी मंडळाची अक्षम्य हयगय कारणीभूत असल्याचे नोंदवले. इतक्या अभ्यासकांच्या पुस्तकांतून मी जे शोधत होते त्याच्या मुळाशी आईचा प्रश्न थेट पोहोचला होता, कारण ती त्या रांगेत उभी राहिलेली आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती अशी की, प्रवासाच्या पुरवणीत अशा कवितांना, त्यांच्या मराठी अनुवादांना आणि त्या वाचून प्रवास केलेल्या वाचकांच्या अनुभवांना नियमित जागा द्यावी. येट्स यांचे नाव निघाले की आपल्याला रवींद्रनाथ आठवतात, पण १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेला उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद येट्स यांनी ज्यांच्यासह केला ते श्री पुरोहित स्वामी विदर्भातल्या बडनेऱ्याचे होते, हे किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? कॅव्हना आणि बोलंड यांच्या कविता मराठीत नीट आल्या तर त्या परक्या वाटणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. त्याच वेळी आपल्या गावोगावच्या दुष्काळी सडका, पाझर तलाव आणि नालाबांध कोणी बांधले, याच्या आठवणीही वाचकांकडून मागवाव्यात. त्या कामांवर गेलेल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना विचारायला फार दिवस उरलेले नाहीत.

परत आल्यापासून मी आईकडून आमच्या सडकेची हकिकत उतरवून घेत आहे. तिच्या टोळीत तीस जणी होत्या, असे ती सांगते. आजवर एकोणीस जणींची नावे वहीत लिहून झाली आहेत आणि दर दोन-चार दिवसांनी सकाळी चहा घेताना तिला आणखी एक आठवते. आपण जागा देणार असाल तर ती यादी पूर्ण होताच पाठवीन.

आपली एक वाचक,
बार्शी, जि. सोलापूर