काका, तुमच्या शिसपेन्सिलीबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

भिलारचं शिबिर आटोपलं, मुलं घरी गेली, मुलांच्या लेखनाच्या अंकाच्या प्रती टपालात पडल्या. आता निवांतपणे तुमचे आभार मानतो. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही लावलेली शिस्त मुलांची निवासी लेखन शिबिरं भरवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं, त्यामुळे तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना तिथे वाचतं करणं सोपं. गाडी अडते ती दुसऱ्या खर्ड्यापाशी. पहिला खर्डा तासाभरात उतरतो, टाळ्या पडतात, आणि 'आता पुन्हा लिहा' म्हटलं की चेहरे पडतात. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी वह्या बाजूला ठेवायला लावून सुटे कागद वाटलेत. एकाच बाजूला लिहायचं, एकाआड एक ओळ, डावीकडे चार बोटं समास. पाठपोट लिहिलेल्या वहीतला परिच्छेद कापून वर सरकवता येत नाही, म्हणून मुलं तो सरकवतच नाहीत. इतकी साधी गोष्ट!

लाल पेनाला तुमची बंदी. समासात पेन्सिलीची बारीक खूण तेवढी, चूक मुलानेच शोधायची. 'तिच्या डोळ्यात पाणी आलं' या ओळीशी खूण करून तुम्ही विचारलंत, "एकाच डोळ्यात?" दोन्ही डोळ्यांसाठी 'डोळ्यांत' हवं. गटातल्या आठही जणांनी लगेच आपापल्या पानांवर राहून गेलेले अनुस्वार शोधायला घेतले. शुद्धलेखनाचे अठरा नियम भिंतीवर लावून हे झालं नसतं.

बोलीचंही तसंच. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद जसा कानावर पडतो तसा, हे तुम्ही ठाम धरलंत. पण एकच पात्र एका पानावर 'न्हाई' आणि पुढच्या पानावर 'नाय' म्हणायला लागलं की वाचणारा अडखळतो. त्यासाठी प्रत्येक कथेला शब्दरूपांची चिठ्ठी टाचायची युक्ती तुमचीच.

सगळ्यात मोठे उपकार मुद्रितांचे, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतींचे. मुलं मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतात, छपाईच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरं बिघडतात. डोंगरातल्या शिबिरात 'दऱ्या' प्रत्येक दुसऱ्या लेखात, आणि मुद्रितात त्यांचा 'दर्या' झालेला! एकट्याने मनात वाचलं तर हे निसटतं; डोळा आपल्याला हवं तेच वाचतो. म्हणून तुम्ही जोड्या लावल्यात: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवायचं, 'ऱ्या' आला की थांबायचं.

पानं भरली ३४. मधे पिना मारायच्या अंकाची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे ३२ किंवा ३६. आम्ही एक कथा गाळायला निघालो होतो. तुम्ही आखूड ओळींच्या कविता दोन स्तंभांत बसवून दोन पानं वाचवलीत. ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून अंक झाला, कुणाचंही नाव गळलं नाही. आतली पानं कडेला थोडी बाहेर येतात म्हणून बाहेरचा समास जादा ठेवायला सांगितला होतात, तो कटाईत कामी आला.

तुमचा चष्म्याचा डबा आणि दोन पेन्सिली आमच्याकडेच राहिल्यात. पुढच्या आठवड्यात वाईला येणं आहे, तेव्हा पाच प्रतींसह आणून देतो.

आपले,
शिबिराचे संयोजक