ठेवींच्या वादात हरवलेला प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई महापालिकेच्या मुदत ठेवी घटल्याची बातमी आली की एक बाजू उधळपट्टीचा आरोप करते आणि दुसरी ‘पैसा काय बँकेतच ठेवायचा?’ असे विचारते. कोणत्या कामाला कोणता पैसा वापरावा, हा प्रश्न मात्र दोघांच्याही तोंडी नसतो. 2025-26 च्या सुमारे 74,427 कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात भांडवली खर्च, म्हणजे नवी कामे उभारण्याचा खर्च, 43,162 कोटींच्या घरात होता. जकात 1 जुलै 2017 पासून बंद झाली आणि तिच्या जागी राज्य सरकारची भरपाई आली. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. विकास शुल्क आणि चटईक्षेत्राचे अधिमूल्य (जादा बांधकामाच्या परवानगीपोटी बिल्डर भरतात ती रक्कम) तर बांधकाम व्यवसायाच्या तेजीमंदीनुसार वरखाली होते. राहता राहिल्या ठेवी. त्यांतही भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा असे बांधील पैसे आहेत, हे आकडे फेकणारे क्वचितच सांगतात.

वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा व मालाड येथील मलजल प्रक्रिया केंद्रे पुढील कित्येक वर्षे चालायची आहेत आणि पाण्याच्या देयकातून मलनिःसारण आकारही वसूल होतच असतो. अशा कामाचा सगळा भार आजच्या शिलकीवर न टाकता काही रक्कम रोख्यांतून, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेल्या कर्जातून, उभारावी, असे माझे मत आहे. कारण ज्यांना या केंद्रांचा लाभ होईल, त्या उद्याच्या मुंबईकरांनीही या कर्जाच्या फेडीत वाटा उचलावा. अहमदाबादने 1998 मध्ये 100 कोटींचे, तर पुण्याने 2017 मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले होते. ठेवींवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा कर्जाचे व्याज महाग पडेल, हा आक्षेप रास्त आहे आणि तो प्रत्येक प्रकल्पापुरता तपासलाच पाहिजे. तथापि रोखे काढायचे तर पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा) घ्यावे लागते आणि लेखापरीक्षित हिशेब गुंतवणूकदारांपुढे ठेवावे लागतात. करदात्याने मागूनही जो हिशेब हाती लागत नाही, तो निदान सावकारासाठी तरी तयार होईल!

सागरी किनारा मार्गाला हा न्याय लागू होत नाही. तेथे पथकर नाही, त्यामुळे परतफेडीला वेगळे उत्पन्न नाही. उलट बोगद्यांतील वायुवीजन, अग्निशमन यंत्रणा आणि वीज यांचा खर्च दरवर्षी महसुली बाजूवर, म्हणजे रोजच्या खर्चात, पडत राहणार.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर 2023, 2024 आणि 2025 चे अर्थसंकल्प स्थायी समितीतील चर्चेविना प्रशासकांनीच मंजूर केले. म्हणून यापुढे प्रत्येक मोठ्या प्रकल्पासोबत एक पानाचे मराठी विवरणपत्र अर्थसंकल्पाला जोडावे: पैसा कोठून येणार, ठेव मोडणार असल्यास कोणती, अंतर्गत कर्ज (पालिकेच्याच दुसऱ्या निधीतून घेतलेली उचल) असल्यास ते कोणत्या निधीतून घेतले व केव्हा फेडणार, आणि देखभालीला दरसाल किती लागणार. कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा कार्यादेश निघण्यापूर्वी हे पान महापालिकेच्या संकेतस्थळावर असावे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई