माणूस मिळतो रे भास्कर, तो टिकवायचं बघ

अमळनेर,
१२ जानेवारी

प्रिय भास्कर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट परवा मिळालं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक मानवी हक्क अधिकारी नेमायचा, तो कसा निवडायचा आणि कसा तयार करायचा याचं टिपण एसपी (पोलीस अधीक्षक) साहेबांनी तुझ्याकडून, म्हणजे उपअधीक्षकाकडून, मागवलंय हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! निवृत्तीनंतर खात्यातल्या एखाद्या बातमीने एवढा आनंद झाला नव्हता. मसुदा सावकाश वाचला. भाषा चांगली आहे, कलमं बिनचूक आहेत. पण मुळातच एक गोष्ट मला पटली नाही. कागद वर जाण्याआधी ती तुझ्या कानावर घालायलाच हवी, म्हणून लिहितोय.

प्रत्येक ठाण्यातून तू एका फौजदाराचं नाव घातलंयस. भास्कर, फौजदार नको.

फौजदार म्हणजे तपासी अधिकारी. सकाळी अटक करणार तो, दुपारी कोर्टात पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागणार तो, आणि रात्री त्याच आरोपीला जेवण मिळालं का, घरी कळवलं का, अंगावर वळ आहेत का, हेही बघणार तोच? माणूस कितीही सज्जन असो, गुन्हा उघडकीला आणण्यासाठी वरून रोज विचारणा होत असते, आणि एका डोक्यात ही दोन कामं सुखाने नांदत नाहीत. शिवाय बदली आहेच. आपल्या पोलीस अधिनियमात फौजदारापासून निरीक्षकापर्यंत एका ठाण्यातला कार्यकाळ दोन वर्षांचा धरलाय, आणि शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्यांचा पाच वर्षांचा. तू मेहनत घेऊन शिकवलेल्या फौजदाराला हद्दीतली गावं जेमतेम कळायला लागतील, तोवर जीटीच्या, म्हणजे सर्वसाधारण बदल्यांच्या, यादीत त्याचं नाव आलेलं असेल.

म्हणून मी म्हणतो, एएसआय, म्हणजे सहायक फौजदार, घे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नेही प्रत्येक ठाण्यात अटकेतल्या माणसांची माहिती ठेवायला एएसआयपेक्षा कमी नाही असा अधिकारी नेमायला सांगितलंय. बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ मधला बाल कल्याण पोलीस अधिकारीही त्याच हुद्द्याचा. त्या कलमात तर कल आणि योग्य प्रशिक्षण असलेला माणूस हवा असं सरळ लिहिलंय. म्हणजे हुद्दा कायद्यानेच दाखवून दिलाय. अडचण एवढीच की आपल्याकडे हवालदाराचा एएसआय होईपर्यंत डोक्याचे केस पिकलेले असतात आणि अठ्ठावन्न समोर दिसत असतं. त्यासाठी प्रत्येक एएसआयच्या जोडीला पस्तीस-चाळिशीचा एक हवालदार आत्तापासून तयार कर. पहिला निवृत्त होईल त्या दिवशी दुसऱ्याने चार्ज घ्यायचा.

आता तू म्हणशील, एएसआय ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकाला, पीआयला, काय अडवणार? हाच खरा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्याने त्यावर तोड काढली. तिथे कोठडी सांभाळणारा अधिकारी साधा सार्जंट असतो, पण ज्याला धरून आणलंय त्याच्या तपासाशी त्याचा काही संबंध नसावा असं बंधन आहे. एखाद्या वरिष्ठाने त्याच्या निर्णयाविरुद्ध हुकूम दिला तर त्याने ते प्रकरण ताबडतोब सुपरिंटेंडंट किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे न्यायचं. सार्जंटला पीआयशी भांडावं लागत नाही. त्याला वर जायची वाट कायद्यानेच दिली आहे. आपल्याकडे तसं कलम नाही, पण एसपींच्या लेखी आदेशाने बरंच साधता येईल. तुझ्या एएसआयचा अहवाल पीआयच्या टेबलावरून न जाता थेट तुझ्याकडे यायला हवा. त्याने स्टेशन डायरीत केलेली नोंद खोडायला कुणालाच सांगता येणार नाही, हे वाक्य आदेशात स्वच्छ लिहून घे.

निवडीबद्दल. अर्ज मागव, मुलाखत घे, पण "मानवी हक्क म्हणजे काय?" असलं काही विचारू नकोस. पाठ केलेलं उत्तर कुणीही देतो. त्यापेक्षा नावं झाकलेला एक जुना अटकेचा कागद समोर ठेव. मी ठेवायचो त्यातला एक अजून डोळ्यांसमोर आहे. सातपुड्याच्या पलीकडून, बडवानीकडून रावेर भागात केळी कापायला आलेला एक पावरा पोरगा. अटक पंचनाम्यावर वेळ रात्री साडेदहाची. सरकारी दवाखान्याला दिलेल्या मेडिकल यादीवर, म्हणजे तपासणीच्या विनंतीपत्रावर, वेळ त्याच संध्याकाळी सात-वीसची. नातेवाइकाच्या रकान्यात "कोणी नाही". आणि पंचांमध्ये ठाण्यासमोरचा टपरीवाला, ज्याची सही त्या ठाण्याच्या निम्म्या पंचनाम्यांवर सापडते.

हा कागद हातात दिला की पाच मिनिटं गप्प बसायचं आणि बघायचं. काही जण म्हणायचे, "साहेब, सगळं पूर्ण आहे." काहींना दोन वेळांमधला फरक दिसायचा: अटकेच्या आधीच दवाखान्यात नेलं, म्हणजे पोरगा संध्याकाळपासून ताब्यात होता आणि कोर्टापुढे हजर करायचे चोवीस तास तिथपासून मोजायला हवेत. एखादाच असा निघायचा की ज्याचं बोट "कोणी नाही" वर थांबायचं. तो विचारायचा, "ह्याला मायबाप नाहीत का साहेब? डी. के. बसू निकालात जिल्ह्याबाहेरच्या नातेवाइकांना आठ ते बारा तासांत कळवायला सांगितलंय ना?" तोच माणूस घे. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा तो निकाल आणि त्यातली अटकेबाबतची अकरा सूत्रं प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावलेली असतात. भिंतीवरचं वाचून ते समोर बसलेल्या पोराला लावून बघणारा हवालदार मात्र दुर्मीळ असतो, आणि तो जन्मजात असावा लागतो असंही नाही. असा माणूस प्रत्येक ठाण्यात असतो. बहुतेकदा तो मागच्या खोलीत मुद्देमालाचं रजिस्टर लिहीत बसलेला सापडेल.

भाषेचा मुद्दा तुझ्या मसुद्यात शेवटी एका ओळीत आलाय, तो वर घे. तिकडे धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे भिली आणि पावरी, इकडे अहिराणी. धरून आणलेल्या माणसाला प्रमाण मराठीतला दमदार आवाज कसा वाटतो ते तुला मी सांगायला नको. त्याच माणसाला एखाद्या हवालदाराने "तू आठे बस भाऊ. तुन्हा घर कोणले सांगानं शे?" (इथे बस भाऊ, तुझ्या घरी कुणाला सांगायचंय?) असं विचारलं की त्याचे खांदे खाली येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला समोरच्याची भाषा कळते, त्याच्या कानाआड एक चुकीचा जबाबही जात नाही.

पण यात एक धोका आहे. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला खानदेश भिल्ल कोर ही पलटण उभी केली, ती भिल्लांनाच भरती करून. त्याचा हेतू इंग्रजी राज्य बसवण्याचा होता, भिल्लांच्या हक्कांशी त्याला देणंघेणं नव्हतं. ज्यांच्यावर जरब बसवायची त्यांच्यातलीच माणसं हाताशी धरायची ही रीत खानदेशात इतकी जुनी आहे. तू भिल्ल किंवा पावरा शिपायाला या कामावर घेशील तर त्याची इच्छा आणि नजर बघून घे. जमातीकडे बघून घेऊ नकोस. नाहीतर "तुमच्या लोकांचं तुम्ही बघा" म्हणून त्याला कायमचं बाजूला बसवतील, आणि बाकीचे सगळे मोकळे.

प्रशिक्षणावर फार लिहीत नाही, तुला ते येतं. सभागृहातली व्याख्यानं एका दिवसात उरक. बाकीचे दिवस त्यांना बाहेर ने. एक दिवस रिमांड कोर्टात मागच्या बाकावर बसव. एक दिवस सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, डॉक्टर जखमेचं वय कसं लिहितात ते बघायला. एक दिवस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलासोबत. नव्या संहितेने एक गोष्ट बदललीय ती मात्र नीट समजावून दे. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सुरुवातीच्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येते. म्हणजे आज तुरुंगात गेलेला माणूस तीन आठवड्यांनी पुन्हा आपल्या कोठडीत येऊ शकतो. तो गेला तेव्हा कसा होता आणि आला तेव्हा कसा होता, याची जोड लावून देणारं रजिस्टर तुझ्या या अधिकाऱ्याकडेच असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे बसवलेले सीसीटीव्ही चालू आहेत का, लॉकअपसमोरचा कॅमेरा भिंतीकडे तर वळलेला नाही ना, हे रोज बघणंही त्याच्याच कामात घाल.

आणि एक दिवस त्यांना पालावर ने. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते आपण कुणीच विसरलेलो नाही. सोलापूरकडून भिक्षा मागायला आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्या दिवशी कोठडीचा, अटकेचा प्रश्नच नव्हता. तरी मानवी हक्कांचं याहून मोठं अपयश मला आपल्या भागात आठवत नाही. अफवा तर मोबाइलवर आधीपासून फिरत होती. आपल्या हद्दीत कोणते भटके लोक कोणत्या महिन्यात येतात, कुठे उतरतात, काय मागतात हे ज्या अंमलदाराला ठाऊक आहे, तो बाजाराच्या आदल्या दिवशी सरपंच आणि पोलीस पाटलांना फोन करून सांगू शकतो, "हे लोक आपले ओळखीचे आहेत, यांना हात लावायचा नाही." फासेपारध्यांबद्दलही तेच. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की गाडी अजून आधी पारध्यांच्या वस्तीकडेच वळते. तुझा अधिकारी त्या वस्तीत फक्त छाप्याच्या गाडीतूनच गेला, तर त्याला तिथलं काहीही कळणार नाही.

आता टिकवण्याबद्दल. तुझ्या मसुद्यात यावर काहीच नाही, आणि माझं सगळं मन यातच अडकलंय.

एका ठाण्यात, नाव नको, मी शिकवलेला एक हवालदार होता. पावरी उत्तम बोलायचा, अक्षर मोत्यासारखं. एका रात्री त्याने स्टेशन डायरीत एका माणसाला आणल्याची खरी वेळ लिहिली. कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर यात्रा, गणपती, मोहरम, निवडणूक, कुठल्याही बंदोबस्ताच्या यादीत त्याचं नाव पहिलं. साप्ताहिक सुटी आली की नेमकी त्याचीच रद्द. डीबीतली, म्हणजे गुन्हे शोध पथकातली, पोरं त्याला फितूर म्हणायला लागली. त्याच्या पोरीची बारावी होती, घरी रोज कटकट. शेवटी त्याने स्वतःच अर्ज केला आणि मोटार परिवहन विभागात गेला. आज तो गाड्यांची लॉगबुकं तपासतो. एवढं तयार केलेलं माणूस, भास्कर! मला आजही त्याचा राग येत नाही, त्याला एकटं सोडणाऱ्यांचा येतो.

म्हणून टिकवण्याचं कलम सगळ्यात आधी लिही. तीन वर्षं तरी त्याची बदली एसपींच्या लेखी कारणाशिवाय होणार नाही. बंदोबस्ताला तो जाईल, पण ठाण्यात त्याचा जोडीदार हजर असेल तेव्हाच. एकट्याला ठेवू नकोस. महिन्यातून एकदा जिल्ह्यातले हे सगळे अधिकारी एकत्र बसव, चहा पाज, अडलेली प्रकरणं एकमेकांना सांगू दे. दुसऱ्या ठाण्यातही असाच एक जण त्याच अडचणीतून जातोय हे कळलं की माणसाला बळ येतं. बक्षीस देताना गुन्हा उघडकीला आणणाऱ्या पथकाच्या बरोबरीने त्याचंही नाव वाच, तेही क्राइम मीटिंगमध्ये, सगळ्या प्रभारींसमोर. आणि त्याने किती तक्रारी वर पाठवल्या यावर त्याचं काम कृपा करून मोजू नकोस. तसं केलंस तर एक तर तो तक्रारी उकरत बसेल, नाहीतर दाबत बसेल. किती कागदांवरच्या वेळा एकमेकांशी जुळतात, किती जणांच्या घरी वेळेत निरोप गेला, रिमांडला येणाऱ्या किती जणांना वकील मिळाला, हे बघ.

सगळ्यात अवघड गोष्ट गोपनीय अहवालाची. तो पीआयच लिहिणार असेल, तर मी वर लिहिलेल्या एकाही गोष्टीला अर्थ उरत नाही. डायरीत कुणाविरुद्ध खरी वेळ लिहायची आणि वर्षअखेरीस त्याच्याकडूनच शेरा घ्यायचा, हे कुठल्याही संसारी माणसाकडून होणार नाही. तुझ्यासारख्या उपअधीक्षकाने तो लिहावा आणि एसपींनी पुनर्विलोकन करावं, एवढं या टिपणात आलंच पाहिजे. प्रभारी अधिकारी विरोध करतील. तू बैठकीत मागे हटू नकोस. बाकीच्या दहा मुद्द्यांवर तडजोड कर, यावर नको.

सुधारलेला मसुदा मला पाठव, मी दोन दिवसांत वाचून परत करतो. प्रशिक्षणासाठी नावं झाकलेले कागद लागतील तर तेही तयार करून देईन, आणि पहिल्या तुकडीला तो कागद दाखवायला बोलावलंस तर एसटीने येईन, गाडी पाठवू नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रमेश