ई-पुस्तक नुसते उघडून भागत नाही

महोदय,

मुक्तस्रोत दस्तऐवजीकरण सॉफ्टवेअरमधून ईपब (ई-पुस्तकाच्या प्रमाणित स्वरूपातली) फाइल निघाली आणि एखाद्या अ‍ॅपमध्ये उघडली, की काम झाले असे अनेक प्रकल्प धरून चालतात. पण बरीच अ‍ॅप्स चुका पोटात घालतात. तीच फाइल दुसऱ्या उपकरणावर अडते आणि वाचकाला कारणही कळत नाही.

ईपब ही मुळात झिप फाइल असते. तिच्यात ‘माइमटाइप’ ही छोटी फाइल सर्वांत आधी आणि कॉम्प्रेस न करता ठेवावी लागते. फोल्डर साध्या पद्धतीने पुन्हा झिप केला की नेमके हेच बिघडते. आतला मजकूर एक्सएचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या एचटीएमएलचे कडक नियमांचे रूप असतो, त्यामुळे ब्राउझर खपवून घेतो तो न मिटवलेला टॅग इथे अख्खे प्रकरण बंद पाडू शकतो. पुस्तकातल्या सगळ्या फाइलींची यादी असलेल्या ओपीएफ फाइलमधला आयडी (ओळखनाव) अंकाने सुरू झालेला चालत नाही. प्रकरणांच्या फाइलींना ‘०१-परिचय’ अशी नावे देऊन त्यांवरूनच आयडी बनवले, की चूक ठरलेली. रीडमीमधले (प्रकल्पाच्या परिचय-फाइलमधले) बिल्डचे बॅज, म्हणजे फाइल-निर्मिती यशस्वी झाली का ते दाखवणारी छोटी चित्रे, हीसुद्धा अडचणच: ती चित्रे बाहेरच्या सर्व्हरवरून येतात आणि ईपबमध्ये चित्रे फाइलीच्या आतच असावी लागतात.

म्हणून प्रत्येक बिल्डनंतर ईपबचेक हे ईपब फाइल तपासणारे साधन आपोआप चालवावे. ‘एरर’ आली तर रिलीज थांबवावे, ‘वॉर्निंग’ वाचून निर्णय घ्यावा. दुरुस्ती मात्र टेम्प्लेटमध्ये किंवा मूळ सॉफ्टवेअरमध्येच व्हावी. तयार फाइलीला स्क्रिप्टने ठिगळ लावले तर पुढच्या आवृत्तीत तेच दुखणे परत येते. मानक डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेने मे २०२३ मध्ये मंजूर केलेले ईपब ३.३ धरावे; जुन्या उपकरणांसाठी एनसीएक्स ही जुन्या पद्धतीची अनुक्रमणिका सोबत ठेवायला त्यात मुभा आहे, ती जरूर ठेवावी.

ईपबचेकला न दिसणारे दोष मला अधिक गंभीर वाटतात. स्फिंक्स या दस्तऐवजीकरण सॉफ्टवेअरमागचे डॉक्युटिल्स दुव्यांसाठी आयडी बनवताना देवनागरी शीर्षकातली अक्षरे गाळून ‘आयडी१’, ‘आयडी२’ असे क्रमांक देते. मध्ये एक विभाग वाढला की जुने दुवे भलत्याच जागी जातात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक शीर्षकाआधी रोमन लिपीत स्वतःचे लेबल लिहिणे. भाषेचा कोड इंग्रजीच राहिला तरी तपासणी पार पडते, पण मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठीसाठी इंग्रजी आवाज निवडू शकते. दृष्टिहीन वाचकाला ते पुस्तक मग निरुपयोगी आहे. कॉन्फिगरेशनमधली भाषेच्या कोडची ही एक ओळ पहिल्या बिल्डआधीच तपासावी.

– एक तंत्रलेखक