हॉलमधला कॉम्प्युटर आणि आईचे रिपोर्ट

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की मेलमधल्या एकाच फोल्डरला पासवर्ड लावता येतो का, आणि मी ऑफिसात होते म्हणून "बघते" म्हणून फोन ठेवला. कुठला फोल्डर ते तुम्ही बोलला नाहीत पण मला माहितीये. दिवाळीत परतीचं तिकीट प्रिंट करायला बसले तेव्हा तुमचं आउटलूक उघडंच होतं, डावीकडे "आई दवाखाना" दिसलं, आत अकरा मेल. मी उघडलं. बायोप्सीचा रिपोर्ट होता, दुसऱ्या पानावर "बेनाइन", म्हणजे कॅन्सर नाही, हे वाचेपर्यंत माझे हात गार पडले होते, आणि तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून चिवड्याचा डबा भरू का म्हणून विचारत होती. तेव्हा काही बोलले नाही, ते चुकलंच माझं.

आता तुमच्या प्रश्नाचं. आउटलूकमध्ये एकेका फोल्डरला कुलूप लावायची सोय नाही. मेल साठवणारी पीएसटी नावाची अख्खी फाइल असते तिला 15 अक्षरांपर्यंत पासवर्ड लावता येतो, पण तो चुकून उघडणाऱ्यापुरताच, मुद्दाम घुसणाऱ्याला तो अडवत नाही हे मायक्रोसॉफ्टच सांगतं, आणि विसरलात तर ते तुम्हाला काढूनही देणार नाहीत. शिवाय तुमचं जीमेल आउटलूकमध्ये ज्या फाइलीत साठतं ती ओएसटी, तिला तर पासवर्ड लावताच येत नाही. जीमेलमध्ये फोल्डरसारखं लेबल असतं, त्यालाही नाही. म्हणून कपाटाच्या एका कप्प्याच्या मागे लागण्यापेक्षा खोलीचं दार लावू.

म्हणजे काय, तर विंडोजमध्ये तुमच्यासाठी एक आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक असे दोन अकाउंट. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर यूजर्स, आणि नवीन अकाउंट करताना ते स्टँडर्डच ठेवायचं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाही, कारण अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला दुसऱ्याचे फोल्डर उघडता येतात आणि मग सगळं मुसळ केरात. नाव "पाहुणे" देऊ. गल्लीतली पोरं हॉल तिकीट, स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन येतात ना, ती त्यात बसतील, प्रिंटर त्यातूनही चालतो. तुमच्या अकाउंटला पिन, आणि दार वाजलं की उठायच्या आधी विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायचं, स्क्रीन लॉक. एवढी एक सवय लावाच बाबा, बाकी सगळं मी करून देते.

अजून एक, ते डी ड्राइव्हवर तुम्ही स्कॅन केलेलं सगळं ठेवलंय, पॅन, पासबुक, जुन्या मेलचा बॅकअपपण, ते कुठल्याही अकाउंटमधून दिसतं, ते तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवायला हवं. आणि डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल एवढाच असतो तो, आणि तुमची पंचाहत्तरी तर अख्ख्या गल्लीने जेवलीये.

बाबा, पोरांना वेगळ्या अकाउंटमध्ये बसवलं तर त्यांना अविश्वास वाटेल अशी शंका तुमच्या मनात येणार हे मला माहितीये. नाही वाटत कुणाला. तुम्ही इतकी वर्षं फुकट प्रिंट काढून देताय, फॉर्म भरून देताय, एका पोराचं तर रात्री अकरा वाजता सर्व्हर चालू होईपर्यंत थांबून भरलंत. ते काही बंद नाही करायचंय. पण आईचं दुखणं हे आईचं आहे, ते कुणाला सांगायचं हे तिने ठरवायचं.

आई, तू आता वाचत असशील तर तुला सांगते, मला राग नाही आलेला. तुम्ही दोघांनी जून-जुलैत त्या चकरा एकट्याने मारल्या, रिक्षाने, पावसात, ते आठवून मात्र रडू येतं. फोल्डरचा पासवर्ड मला नको. मला फोन हवा, आधी, रिपोर्ट यायच्या आधी.

शनिवारी सकाळी सांगलीला पोचते, अकाउंटचं काम तासाभराचं आहे. आणि शेवटच्या मेलमध्ये सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी लिहिलीये, म्हणजे जानेवारीत. मी दोन दिवसांची रजा सांगून ठेवलीये, तारीख तेवढी डॉक्टरांना विचारून ठेवा.

तुमची,
ताई